मुळ्यावरची करवत माशी

आमच्या गणगोतात मला सगळे 'माशीवाली बाई' म्हणतात. लग्नकार्यात गेले की एखादी मावशी हमखास विचारते, "काय म्हनतेत तुह्या माश्या?" आणि बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. पूर्वी मी चिडून उत्तर द्यायचे. आता नुसती चिडते. दिग्रसच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेला वेळ करवत माश्या ओळखण्यात घालवते. यात काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना मी सांगणं सोडून दिलं आहे. क्रिकेट पाहणाऱ्याला कोणी असं विचारत नाही.

करवत माशी ही घरात घोंघावणारी माशी नव्हे. ती मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या खानदानातली. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी असते, हिला कंबरच नसते, छाती आणि पोट सरळ एकमेकांना जोडलेलं. ही डंख मारत नाही. मादीच्या पोटाच्या टोकाशी एक इवलीशी दातेरी पट्टी असते. त्या करवतीने ती पानाची कड चिरते आणि त्या चिरेत अंडं ठेवते. आमच्या भागात मुळा, मोहरी, कोबी यांवर येणाऱ्या माश्यांचा एक गट आहे. अंग नारिंगी-पिवळं, डोकं काळं, पंख धुरकट. त्या गटातल्या जाती एकमेकींच्या इतक्या सारख्या की वरून पाहून छातीठोकपणे सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

ओळखण्याची रीत अशी. एकेक प्रश्न विचारत पुढे जायचं आणि प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. मिशांना पेरं किती? पायांवर काळा रंग कुठपर्यंत? पंखांतल्या शिरा कशा वळतात? असं करत करत एका जागी गाडी अडते, कारण दोन-तीन जातींची उत्तरं सारखीच येतात. मग मेलेल्या मादीचं पोट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मऊ करायचं, सुईच्या टोकाने करवत बाहेर काढायची, काचपट्टीवर आडवी ठेवायची आणि तिचे दात पाहायचे. दातांची ठेवण जुळली तर जात जुळली. या कामात मला नर फारसे उपयोगी पडत नाहीत. हे मी एकदा घरी जेवताना सांगितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. वहिनी मात्र ठसका लागेपर्यंत हसली होती.

भावाचं शेत बोरी अरबच्या जवळ आहे. मोठ्या तुकड्यात कपाशी आणि तूर, आणि विहिरीजवळच्या लहान तुकड्यात भाजी. भाजीचा नाद त्याला दवाखान्यातून आल्यावर लागला. काही वर्षांपूर्वी डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत तो फवारणी करत होता, वारा फिरला आणि औषधाचं धुकं त्याच्याच तोंडावर आलं. औषध म्हणायचं आपलं. विषाला औषध म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उलट्या करत पडलेला तो दुसऱ्या शेतातल्या माणसाला दिसला म्हणून वाचला. डावा डोळा मात्र अधू झाला. यवतमाळच्या दवाखान्यात त्याला पहिल्यांदा नीट शुद्ध आली तेव्हा वहिनीने त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "माही शपथ हाय. याच्यापुढं पाठीले पंप लावाचा नाई." भावाने ती शपथ पाळली. कपाशीवर फवारायला तो दुसऱ्यांना सांगायचा, तेही कमी कमी करत आणलं होतं, आणि भाजीच्या तुकड्यात तर विषाचा थेंब पडू द्यायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं. दारव्ह्याच्या बाजारात त्याच्या मुळ्याच्या जुड्या घ्यायला ठरलेली गिऱ्हाइकं यायची. भाव करत नसत.

आता माझी अडचण सांगते. आजूबाजूच्या शेतांत हिवाळाभर हिंडले तरी मला धड दोन करवत माश्या मिळायच्या नाहीत, कारण फवारणीत त्या केव्हाच मेलेल्या असायच्या. भावाच्या मुळ्यावर मात्र सकाळचं ऊन पडलं की त्या आळसावलेल्या पानांवर बसलेल्या असत. हाताने धरता येतील इतक्या सुस्त. माझ्या संग्रहातल्या बहुतेक माद्या तिथल्याच आहेत. रविवारी मी यवतमाळच्या गाडीत बसून बोरीला उतरायचे आणि काचेच्या नळ्या भरून परत यायचे. त्या पाहून मला आनंद व्हायचा, हे लपवून काय करू? ज्या पानावर भोकं जास्त त्या पानाकडे मी आधी धावायचे. भाऊ धुऱ्यावर बसून पाहायचा.

"बाई, एक सांग," एकदा तो म्हणाला, "तू कोनाकडून हाय? माह्याकडून का माशीकडून?"

मी हसले. त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी माझ्या जाळीत एक मादी होती.

त्या हिवाळ्यात माश्या फारच आल्या. मुळ्याची पानं चाळणी झाली, मोहरीच्या तर शिराच उरल्या. पानांवर काळपट हिरवी पिल्लं लोंबत होती आणि सगळं गाव त्यांना 'काळी अळी' म्हणत होतं. भावाकडे अळीसाठी एक जिवाणूची भुकटी होती. माणसाला, गुराला, मधमाशीला तिचा त्रास नाही. ती भुकटी त्याने पाण्यात कालवून झाडूने पुन्हा पुन्हा शिंपडली. शपथ मोडू नये म्हणून झाडूने, पंपाने नाही. अळ्या मेल्या नाहीत. भुकटी नकली आहे म्हणून तो बोरीच्या कृषी केंद्रात भांडूनही आला. मी रविवारी पोचले तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

मी एक पिल्लू तळहातावर उलटं केलं आणि भिंग त्याच्या उजव्या डोळ्याशी धरलं.

"हे पाह्य. अळी म्हणजे फुलपाखराचं नाहीतर पतंगाचं पोर. तिच्या पोटाखाली गादीसारखे पाय असतात, फार तर पाच जोड्या. याला मोज."

त्याने मोजले. "आठ."

"आणि डोळा पाह्य. एका बाजूला एकच मोठा ठिपका. अळीला बारीक ठिपक्यांचा झुबका असतो. ही अळी नाहीच. ही करवत माशीची पोरं आहेत. तुझी भुकटी नकली नाही, ती फुलपाखराच्या पोरांसाठी आहे. यांना तिच्यानं काही होत नाही."

"मंग येवढे दिवस म्या कोनाच्या जेवनावर मसाला टाकून राह्यलतो?"

वहिनी हसली. त्याला मात्र हसू आलं नाही. भिंग माझ्या हातात देत त्याने विचारलं, "मंग हे मरते कायनं?"

मी जे करायचं ते सांगितलं. सकाळी आणि संध्याकाळी हाताने वेचायच्या, साबणाच्या पाण्यात टाकायच्या. वाफ्यात पाणी भरायचं. निंबोळीचा अर्क मारून पाहायचा, थोडा उपयोग होतो. भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वेचाले मानसं कोठी हायेत? साऱ्या बाया कापसात." ते खरंच होतं. कापूस फुटला की आमच्याकडे घरात आजारी माणसाजवळ बसायलाही बाई मिळत नाही, तर मुळ्यातली अळी वेचायला कोण येणार? आणि त्याला स्वतःला ती पिल्लं पानांवर नीट दिसत नव्हती. हे तो बोलला नाही, पण मी पाहिलं. एका पानावर चार पिल्लं होती आणि त्याचा हात त्यांच्यावरून सरळ पुढे गेला.

वहिनीने विचारलं, "नाव काय म्हनलं बाई तुमी? याचं?"

"करवत माशी. मुळ्या-मोहरीवरची."

तिने ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. मला बरं वाटलं. घरातल्या कोणीतरी एकदाची माझ्या कामात गोडी दाखवली, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात ती दिग्रसला माझ्या खोलीवर आली. एकटी. ती अशी कधी येत नसे. मावशीला पाहायला आले होते, म्हटलं बाईला भेटून जावं, असं म्हणाली. हातातली कापडी पिशवी तिने दाराबाहेर चपलांजवळ ठेवली. मी म्हटलं, आत घे, कुत्री ओढतील. "राहू द्या बाई, मातीची हाय," म्हणाली. मी चहा टाकला. टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलेला होता आणि काचपट्टीवर भावाच्याच शेतातल्या एका मादीची करवत होती, आदल्या दिवशी काढलेली. तिला म्हटलं, पाहतेस का? तिने आधी हात पदराला पुसले. मग वाकून डोळा लावला आणि कितीतरी वेळ उठली नाही.

"बाप्पा! येवढ्याशा जीवाले येवढे दात?"

"त्या दातांवरूनच ओळखायचं. शेजारच्या जातीचे दात बोथट असतात. हिचे पाह्य कसे टोकदार आहेत."

"अन यानं पान कापते?"

"कड चिरते. अंडं आत ठेवते. वरून कळतही नाही."

"तिचंही लेकराचंच चाललं हाय म्हना." ती सरळ झाली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग बाई, मोठे शेतकरी काय करतेत याले?"

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. ते विषारी फवारे मारतात, आपल्याला ते नको, वगैरे. तिने मान हलवली, चहा प्यायली, बशी धुऊन ठेवली आणि गेली. बाहेरच्या पिशवीत तेव्हा औषधाची बाटली होती, हे मला नंतर कळलं. माझ्या घरात विष नको म्हणून तिने ती दाराबाहेर ठेवली होती. दिग्रसच्या दुकानातून तिने ती आणली, कारण बोरीच्या दुकानदाराने संध्याकाळपर्यंत भावाला सांगितलं असतं.

त्यानंतर लगेचच मार्गशीर्षातला गुरुवार आला. वहिनीचा उपास होता. भाऊ सकाळीच उरल्यासुरल्या जुड्या घेऊन दारव्ह्याला गेला. वहिनीने ओला पदर तोंडाला बांधला, गोठ्यातला पंप काढला, पाठीला लावला आणि भाजीच्या तुकड्यात शिरली. ओल्या कापडाने वास येत नाही असा आमच्याकडच्या बायकांचा समज आहे. ओलं कापड विष शोषून नाकातोंडाशी धरून ठेवतं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं. माझा विषय माश्या होता.

शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी ती वाफ्यात बसलेली पाहिली. त्यांना वाटलं, निंदून राह्यली. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं की ती हलत नाही.

मला फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. मिळेल त्या एस.टी.ने मी यवतमाळच्या दवाखान्याकडे निघाले. ड्रायव्हर दारव्ह्याला पान खायला उतरला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. तो बिचारा पान न खाता परत आला.

वहिनीला घाम फुटला होता, तोंडातून लाळ येत होती, अंग झटके देत होतं. भाऊ हातात दोन बाटल्या घेऊन उभा होता. एक दिग्रसच्या दुकानातली, कोरी, तिच्यावर सगळं छापलेलं होतं. दुसरी जुनी. तिचं लेबल सादळून गळून पडलेलं, नुसता गोंदाचा पिवळा डाग राहिलेला. दोन्ही रिकाम्या होत्या.

"दोन्ही एकत्र मारलं?" डॉक्टरने विचारलं. तरुण मुलगा होता. भावाने मान हलवली. "दुसरं कोणतं?"

"मले माहीत नाई साहेब. माह्या फवारनीच्या जमान्यातली हाय. गोठ्यात राह्यली असंल."

"आठवा ना."

त्याला आठवेना. मला कोणीतरी पुढे ढकललं, म्हणालं, या कॉलेजात किड्यांचंच शिकवतात. डॉक्टरने बाटली माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरली, तळाशी पाहिलं, बुचाचा वास घेतला. काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "मला ओळखता येत नाही." आयुष्यात इतक्या लाजेने मी काही बोलले नव्हते.

तो माझ्यासाठी थांबलाही नाही. त्याने वहिनीच्या पापण्या वर करून पाहिल्या. बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "नाव कळेपर्यंत थांबता येत नाही," तो सिस्टरला म्हणाला आणि इंजेक्शनं सुरू केली. त्याला तेवढं पुरलं. मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून बसले. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले आहे. इथे मी सांगितलेलं नाव अगदी बरोबर होतं. अळी नाही, करवत माशी. त्या बरोबर नावावर दुकानात बरोबर बाटली मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी तिला ती बाटली विकणारे दुकानदार चाचा आले. दिग्रसला त्यांच्या तीन पिढ्या बी-बियाण्याच्या धंद्यात आहेत. मी त्यांच्यावर तुटून पडायच्या तयारीत होते. ते संत्र्यांची पिशवी घेऊन आले आणि बाकावर माझ्या बाजूला बसून रडायला लागले.

"बेटी, म्या इचारलं होतं. मारनार कोन? बोलली, गडी हाय. हातमोजे दिले, तोंडाची पट्टी दिली, चष्मा दिला. बोलली, गड्याले देते. नाव तिनं सही सांगतलं, मालबी सही होता. काहून असं झालं?"

ते तिच्याशी किती नीट वागले होते हे ऐकून माझा राग आणखी वाढला, कारण तो ठेवायला जागाच उरली नाही. हातमोजे, पट्टी आणि चष्मा वहिनीच्या कपाटात घडी करून ठेवलेले नंतर सापडले. नव्या वस्तू मातीत कशाला घाला, म्हणून तिने ते जपून ठेवले होते.

वहिनी बोलायला लागली तेव्हा मीच विचारलं. भावाची हिंमत होत नव्हती.

"कायले केलं वहिनी असं? शपथ कोणी घातली होती?"

"शपथ त्याइले घातली होती. मले कोनी घातली?" आवाज फाटलेला होता, पण तिला ते पटवून द्यायचं होतं. "त्याइनं पंप लावला असता तं पाप लागलं असतं. म्या लावला तं काय?"

"आणि ती जुनी बाटली?"

"गोठ्याच्या आढ्याले खोचून होती. येवढे दिवस दिसलीच नाई. घरात जहर नको ना बाई. मंग म्हनलं, यातच टाकून संपवून टाकू. घर साफ होऊन जाईन."

घरातलं विष संपवायचं म्हणून तिने ते पंपात ओतलं होतं. तिचं सगळं बरोबरच होतं, एकेका टप्प्यावर.

ती वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगते आहे. घरी न्यायच्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ मला म्हणाला, "तू नाव नसतं सांगतलं तं ते पुन्हा भुकटीच घेऊन आली असती."

"आणि मुळे सगळे गेले असते."

"गेले असते तं गेले असते." तो ओरडला नाही, म्हणून जास्त लागलं. "याच्यापुढं माह्या वावरात काही दिसलं तं मले त्याचं नाव सांगू नको. तुह्या नळ्या भर, जा."

मीही तापट. मी म्हटलं, तुझ्या वावरात मी आता पायच ठेवत नाही. आणि ठेवला नाही. पुढचे कितीतरी महिने आमचं बोलणं फोनवर, तब्येत कशी आहे एवढंच, तेही वहिनीशी. इकडे माझं काम पूर्ण झालं. मादीच्या करवतीचे दात ताडून पाहिले, जात पक्की झाली, यवतमाळ जिल्ह्यातल्या मुळ्यावरची म्हणून ती छापूनही आली. विभागात पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. नाव सांगण्यात माझी चूक होती, असं मला आजही वाटत नाही. खोटं नाव सांगायला हवं होतं का? पण असं म्हणून झोप लागते, असंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला.

"बाई, मुळ्यावर आल्या पुन्हा. या ना तुमी."

"तुझ्या नवऱ्यानं मला बंदी घातली आहे."

"त्याइनंच फोन लावून देल्ला. बाजूले बसून हायेत, बोलत नाईत. तुमी नळ्या नका आनू. वेचाले या."

मी गेले. नळ्या नेल्या नाहीत. सकाळचं दव अजून पानांवर होतं. भावाने साबणाच्या पाण्याचं घमेलं वाफ्याच्या कडेला आणून ठेवलं आणि मला 'चहा घेतला का' एवढं विचारलं. आमचं भांडण मिटलं ते असं. तिघं तीन ओळींत बसलो.

या पोरांची एक खोड आहे. पान जरा हललं की ती अंगाचं वेटोळं करतात, खाली पडतात आणि मेल्याचं सोंग घेऊन निपचित राहतात. मातीत पडली की दिसत नाहीत. म्हणून वेचताना एक हात पानाखाली धरायचा आणि दुसऱ्याने पान न हलवता पिल्लू अलगद उचलायचं. हात अगदी स्थिर लागतो.

वहिनीचा हात स्थिर नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून दोन्ही हात कापत होते. डॉक्टर म्हणाले होते, कमी होईल. कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. फोनवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिची बोटं पानाला लागायची, पान थरथरायचं आणि त्यावरची सगळी पिल्लं टपटप मातीत. तिने एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून पाहिलं. मग दोन्ही थरथरले.

"पाहा बाई," ती म्हणाली, "मले पाहूनच पडून राह्यले." ती हसत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"तू उठ," भाऊ म्हणाला. "बाई करंल."

"मंग म्या काय करू? धुऱ्यावर बसून पाहू?" ती त्याच्यावर खेकसली. मातीत पडलेली पिल्लं तिने बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाली, "मामाजीचं ते जुनं धोतर आना घरून. पांढरं."

भाऊ गेला आणि आमच्या वडिलांचं धोतर घेऊन आला. तिने ते ओळीखाली दोन्ही बाजूंनी अंथरायला लावलं आणि ओळीच्या कडेने सरकत पानांवर नुसता तो कापरा हात ठेवत गेली. पिल्लं धोतरावर पडत गेली. पांढऱ्यावर काळी, इतकी ठळक की भावालाही दिसत होती. आम्ही दोघं मागून उचलून घमेल्यात टाकत होतो. काम भराभर होत होतं. एका सकाळी तीन माणसांना जमणार नाही एवढं आमचं झालं.

ऊन वर आलं तेव्हा अर्ध्याहून जास्त तुकडा संपला होता. वहिनी पदराने तोंड पुसत थांबली, आपल्या हातांकडे पाहिलं आणि भावाला म्हणाली, "आवो, पुढच्या साली माहे हात बरे झाले तं मंग कसं करायचं?"

 भावाने मान खाली घातली आणि धोतरावरची पिल्लं वेचत राहिला.